मोडलेला दांडा आणि न लिहिलेला शब्द

ऊस तोडणीस आला, चुलवाणापाशी जळण रचून ठेवले, गुळव्याला सांगावा गेला, आणि नेमका त्याच वेळी चरकाचा दांडा मोडला, हा प्रसंग आमच्या सीमाभागातील शेतकरी वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी मनुष्य दांडा गाडीत घालतो आणि तालुक्याच्या गावी वर्कशॉप गाठतो. मिस्त्री दांडा उलटासुलटा करून पाहतो व म्हणतो, "ठेवा, परवा या." मजुरी किती, काम कोणते, जोड द्यायचा की नवा दांडा उतरवायचा, काम टिकेल याची हमी कोणाची, यांपैकी एकही गोष्ट बोलली जात नाही. एकजण घाईत असतो, दुसरा कामात असतो.

पुढे दोनांपैकी एक गोष्ट घडते. 'परवा'चा दिवस आठवड्याने उगवतो, किंवा दांडा वेळेवर मिळतो पण चौथ्या दिवशी त्याच जागी पुन्हा मोडतो. तोडलेला ऊस फडात वाळत पडतो, रसाचा उतारा घटतो, मजुरांना बसून मजुरी द्यावी लागते. शेतकरी म्हणतो, "माझे सारे नुकसान भरून दे." मिस्त्री म्हणतो, "चार पैशांच्या मजुरीसाठी मी तुझा अख्खा हंगाम विकत घेतला होता काय?" आणि वर्षानुवर्षे एकमेकांशी सलोख्याने वागलेली दोन कुटुंबे एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात.

वाचकहो, दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. ज्याचे काम बिघडले त्याचे नुकसान खरे आहे. परंतु ज्याने अल्प मजुरी घेतली त्याच्यावर अमर्याद ओझे घालणे न्याय्य नव्हे, हेही खरे आहे. मग रेषा कोठे ओढावयाची? या प्रश्नाचे उत्तर ज्या खटल्यातून निघाले तो एका गिरणीच्या मोडलेल्या दांड्याचाच आहे. त्यातून निघालेला नियम आपल्या देशाच्या कायद्यात आजही उभा आहे.

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर नावाच्या शहरी हॅडली नामक भावांची वाफेवर चालणारी पिठाची गिरणी होती. १८५३ च्या मे महिन्यात तिच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे मुख्य फिरता दांडा, मोडला व गिरणी बंद पडली. इंजिन बनवणारे कारागीर दूर ग्रिनिचला होते. नवा दांडा इंजिनाच्या इतर भागांत बरोबर बसावा म्हणून त्यांना जुना दांडा नमुन्यादाखल हवा होता. हॅडली यांचा नोकर माल वाहून नेणाऱ्या पिकफर्ड कंपनीच्या कचेरीत गेला. दुपारी बाराच्या आत दांडा दिल्यास दुसऱ्या दिवशी ग्रिनिचला पोहोचेल, असे त्याला सांगण्यात आले. दांडा वेळेत दिला गेला व वाहतुकीचे दोन पौंड चार शिलिंग चुकते झाले. परंतु वाहकांच्या हयगयीमुळे दांडा उशिरा पोहोचला, नवा दांडा कित्येक दिवस लांबला आणि तितके दिवस गिरणी बंद राहिली. हॅडली यांनी बुडालेल्या नफ्याची भरपाई मागितली. पिकफर्डच्या वतीने प्रतिवादी होते बॅक्सेंडेल, आणि 'हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल' या नावाने हा खटला आजही प्रत्येक कायद्याचा विद्यार्थी शिकतो.

ज्यूरीने गिरणीवाल्यांच्या बाजूने कौल दिला. परंतु १८५४ च्या फेब्रुवारीत वरच्या न्यायालयात न्यायमूर्ती आल्डरसन यांनी तो फिरवला व नव्याने सुनावणी करण्याचा हुकूम दिला. त्यांचा विचार असा होता. करार मोडला असता भरपाई दोनच प्रकारच्या नुकसानीची मिळावी. पहिला प्रकार म्हणजे असा करार मोडल्यावर घटनांच्या नेहमीच्या ओघात जे नुकसान होतेच ते. दुसरा प्रकार म्हणजे करार करतेवेळीच उभय पक्षांच्या ध्यानात होते असे नुकसान. वाहकांना फक्त एवढेच ठाऊक होते की वस्तू गिरणीचा मोडलेला दांडा आहे आणि पाठवणारे गिरणीवाले आहेत. गिरणीवाल्याकडे दुसरा दांडा शिल्लक असू शकतो, किंवा इतर यंत्रही त्याच वेळी नादुरुस्त असू शकते. तेव्हा दांडा उशिरा पोहोचला म्हणजे गिरणी बंद राहणारच, हे वाहकाने आपल्या मनाने ओळखावे अशी अपेक्षा धरता येत नाही. ते त्याला सांगावयास हवे होते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. या खटल्याच्या छापील अहवालाच्या आरंभी असे म्हटले आहे की नोकराने कारकुनाला गिरणी बंद असल्याचे व दांडा तातडीने पाठवण्याचे सांगितले होते. निकालपत्र मात्र तसे काही सांगितले गेले नव्हते असे धरून चालते. नोकर काय बोलला आणि कारकुनाने काय ऐकले, हा वाद पावणेदोनशे वर्षांनंतरही मिटलेला नाही. एक ओळ कागदावर लिहिली असती तर तो उद्भवलाच नसता. तोंडी शब्द हवेत विरतो, आणि भांडणाच्या वेळी प्रत्येकाला तो आपापल्या सोयीने आठवतो.

हा इंग्लंडातील नियम १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७३ व्या कलमात उतरला. कलमाचा आशय सरळ आहे. करार मोडल्यामुळे नेहमीच्या ओघात स्वाभाविकपणे झालेले नुकसान, किंवा करार करतानाच उभयतांना संभाव्य म्हणून ठाऊक असलेले नुकसान भरून मिळते. दूरचे व आडवळणाने आलेले नुकसान मिळत नाही. या कलमाखाली समजुतीसाठी दाखले दिले आहेत व त्यांपैकी दोन आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे आहेत. एक दाखला घराच्या दुरुस्तीचा आहे. एकाने दुसऱ्याचे घर ठरलेल्या पद्धतीने दुरुस्त करून देण्याचे कबूल केले व पैसे आगाऊ घेतले, पण काम ठरल्याप्रमाणे केले नाही. अशा वेळी ते काम ठरल्याप्रमाणे करून घेण्यास जो खर्च येईल तो घरमालकास मिळतो. दुसरा दाखला गिरणीचा आहे. यंत्राअभावी गिरणी बंद आहे असे सांगून मालकाने ते वाहकाच्या हवाली केले. वाहकाने विनाकारण उशीर केला, आणि त्यामुळे मालकाचा सरकारशी होणारा फायद्याचा करारही हुकला. मालकास गिरणी बंद राहिली त्या काळातील सरासरी नफा मिळतो. सरकारी करार हुकल्याचे नुकसान मात्र मिळत नाही.

सांगणे आणि न सांगणे यांत किती अंतर आहे ते या दोन गिरण्यांवरून कळते. ग्लॉस्टरच्या गिरणीवाल्याला बुडालेला नफा मिळाला नाही, कायद्याच्या दाखल्यातील गिरणीवाल्याला मिळतो. दोघांमध्ये फरक फक्त एका वाक्याचा आहे: "माझी गिरणी यावाचून बंद आहे."

तथापि प्रत्येक गोष्ट शब्दांत सांगितलीच पाहिजे असे नाही. जी गोष्ट त्या धंद्यातील कोणाही समजूतदार माणसाला कळावी ती त्याला कळली होती असेच न्यायालय धरते. इंग्लंडमध्येच विंडसर येथील एका धोबीकारखान्याने मोठा बॉयलर विकत घेतला होता. तो जून १९४६ मध्ये ताब्यात मिळावयाचा होता. परंतु सुटा करताना त्याची मोडतोड झाली व तो नोव्हेंबरमध्ये मिळाला. १९४९ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला की यंत्रविक्रेत्या कंपनीला बॉयलर कशासाठी लागतो हे ठाऊक असणारच, म्हणून धोबीकामाचा नेहमीचा बुडालेला नफा तिने द्यावा. पण सरकारी खात्याकडून मिळणार असलेल्या रंगकामाच्या खास किफायतशीर कंत्राटांची तिला कल्पना नव्हती, म्हणून त्या दराने नफा मागता येणार नाही.

आता हे माप आमच्या गुऱ्हाळाला लावून पाहू. समजा, मिस्त्रीने मोडलेल्या दांड्याला वेल्डिंगचा जोड दिला, लेथवर साफ केला, चार हजार रुपये घेतले, आणि जोड कच्चा राहिल्यामुळे दांडा चौथ्या दिवशी मोडला. काम पुन्हा नीट करून घेण्याचा खर्च मिस्त्रीने द्यावा, याविषयी शंका नको. गुऱ्हाळ बंद राहिल्याचे नेहमीचे नुकसान व मजुरांची फुकट गेलेली मजुरी मागता येईल काय? भर हंगामात चरकाचा दांडा हाती घेणाऱ्या स्थानिक मिस्त्रीला गुऱ्हाळ बंद आहे हे कळत नव्हते असे म्हणणे कठीण आहे, आणि ते त्याला स्पष्ट सांगितले असेल तर प्रश्नच उरत नाही. पण शेतकऱ्याने एखाद्या व्यापाऱ्याशी संक्रांतीच्या मालाचा चढ्या भावाचा सौदा केला होता व तो हुकला, तर त्या चढ्या भावाचा भार मिस्त्रीवर सहसा पडणार नाही. तो सौदा त्याच्या स्वप्नातही नव्हता.

याच कलमात आणखी एक शहाणपण सांगितले आहे. नुकसान मोजताना ते टाळण्याचे जे उपाय हाताशी होते त्यांचाही हिशेब धरावा. शेजारच्या गावी दुसरे गुऱ्हाळ चालू असता, तेथे ऊस नेणे शक्य असता, केवळ रागापोटी तो बांधावर वाळू देणाऱ्यास पूर्ण भरपाई मागता येणार नाही. दुसऱ्या गुऱ्हाळास दिलेले भाडे व गाडीखर्च मात्र तो मागू शकतो. दुसऱ्याची चूक झाली म्हणून आपण हातावर हात ठेवून नुकसान वाढू द्यावे, याला कायदा मान्यता देत नाही.

दुरुस्तीच्या वादात खरी अडचण पुराव्याची असते. दांडा जोड कच्चा असल्यामुळे मोडला, की मालकाने चरकात एकदम जास्त ऊस घातल्यामुळे? बेअरिंग एका रेषेत नव्हते काय? पट्टा अवाजवी ताणला होता काय? याची साक्ष मोडलेले लोखंडच देते. धातू हळूहळू थकून तडकला असेल तर मोडलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत असतो व त्यावर पुष्कळदा शिंपल्यावरील रेषांसारख्या वक्र रेषा दिसतात. शेवटी एकदम तुटलेला उरलेला भाग खरबरीत असतो. जोडात धातू नीट वितळून एकजीव झाला नसेल, किंवा आत हवेची छिद्रे राहिली असतील, तर तेही जाणत्याच्या नजरेस येते. म्हणून मोडलेला तुकडा भंगारात टाकू नका, त्याचे तोंड घासू नका, आणि तो घाईघाईने दुसऱ्या मिस्त्रीकडून पुन्हा जोडूनही घेऊ नका. आधी छायाचित्रे काढा. ज्याने दुरुस्ती केली त्याला बोलावून दाखवा. दोन जाणत्या माणसांसमक्ष पाहणी करून दोन ओळींचा पंचनामा लिहा. ज्याच्यावर दोष ठेवायचा त्याला डोळ्यांनी पाहण्याची संधी देणे हा साध्या न्यायाचा भाग आहे, आणि पुढे न्यायालयात त्याचे वजनही पडते.

आता मिस्त्रीच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण आमच्या वाचकांत वर्कशॉपात घाम गाळणारेही पुष्कळ आहेत. करार कायद्याच्या १७० व्या कलमाप्रमाणे, ज्याने एखाद्या वस्तूवर आपले श्रम वा कसब खर्च केले आहे त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे, मात्र तसा अन्य करार नसला पाहिजे. कायद्यातील दाखल्याप्रमाणे पैलू पाडलेला हिरा जवाहिऱ्याला मजुरी मिळेपर्यंत ठेवता येतो. पण तीन महिन्यांची उधारी कबूल केलेल्या शिंप्याला कोट अडवून धरता येत नाही. तेव्हा उधारीचा शब्द देताना मिस्त्रीने विचार करावा. आणि वस्तू ज्या उद्देशाने सोपवली त्यानुसार काम केलेले असले पाहिजे, हेही त्याच कलमात आहे. वस्तू ताब्यात असेपर्यंत आपल्या वस्तूची शहाणा माणूस घेईल तितकी काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे.

मिस्त्रीने काम दुसऱ्याकडून करून घेतले तर जबाबदारी संपते काय? १९५२ साली इंग्लंडमध्ये असाच एक वाद झाला. मोटारीचे ब्रेक दुरुस्त करण्यास घेतलेल्या गॅरेजने ते काम दुसऱ्या कारागिराकडून करवले. ब्रेक सदोष निघाले व मोटारीला अपघात झाला. ज्याच्यावर विश्वास टाकून मालकाने मोटार दिली त्या गॅरेजलाच न्यायालयाने जबाबदार धरले. तसेच बिलाच्या तळाशी छापलेल्या 'माल नेल्यावर तक्रार चालणार नाही' अशा ओळीवरही फार विसंबू नये. साडी धुलाईस घेऊन हरवणाऱ्या एका धुलाई दुकानाने पावतीवर 'निम्म्या किमतीपुरतीच जबाबदारी' असे छापले होते. १९६० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयाने ती अट लोकहिताविरुद्ध म्हणून अमान्य केली.

मिस्त्रीचे खरे संरक्षण प्रामाणिक बोलण्यात आहे. "हा दांडा जोडून टिकणार नाही, नवा उतरवावा लागेल, तरी तुमचा आग्रह असेल तर हंगामापुरता जोड देतो, हमी देत नाही," असे त्याने गिऱ्हाइकाला सांगावे, बिलावर लिहावे व त्याची सही घ्यावी. गिऱ्हाईक जाईल या भीतीने अशक्य कामाला होकार देणारा मिस्त्री एक मजुरी मिळवतो आणि नाव गमावतो. त्याचप्रमाणे स्वस्त कामाचा हट्ट धरून नंतर पक्क्या कामाची भरपाई मागणाऱ्या मालकानेही आपल्या मनाला विचारावे की, आपण दाम कशाचे मोजले होते?

इतके करूनही वाद झालाच, तर पहिली पायरी शांतपणे लिहिलेली नोटीस: काय ठरले होते, काय बिघडले, काय हवे, किती दिवसांत. दुसरी पायरी गावातील वा धंद्यातील दोन निःपक्षपाती माणसे. तिसरी लोकअदालत. १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या व्यवस्थेत झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकुमनाम्यासारखी मानली जाते, तिच्यावर अपील नसते, आणि चालू दावा तेथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. दिवाणी दावा करावयाचा झाल्यास करारभंगापासून सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते.

ग्राहक आयोगाचे दार सर्वांना उघडे नाही, हे येथे सांगणे जरूर आहे. व्यापारी हेतूने वस्तू वा सेवा घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. सदोष यंत्राच्या एका खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा स्पष्ट केली. मोठ्या प्रमाणावर नफ्यासाठी यंत्र चालवणारा ग्राहक नव्हे. पण पोटापाण्यासाठी स्वतः यंत्र चालवणारा, जोडीला एकदोन माणसे घेतली तरी, ग्राहकच राहतो. स्वतःच्या हाताने दळणारा छोटा गिरणीवाला म्हणून जिल्हा आयोगाकडे जाऊन पाहू शकतो. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर फी पडत नाही.

परंतु आमचे सांगणे त्याआधीचे आहे. दांडा वर्कशॉपात ठेवतानाच एका चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहा: काम कोणते, मजुरी किती, कोणत्या दिवशी मिळणार, किती दिवसांची हमी, आणि "हे यंत्र बंद असल्याने माझे काम थांबले आहे" हे एक वाक्य. दोघांनी सही करा, एक प्रत प्रत्येकाने ठेवा. कागद नसेल तर तोच मजकूर मोबाईलवर पाठवून समोरच्याचा 'होय' घ्या, तोही पुराव्याच्या कामी येतो. ओळखीच्या माणसाकडून लिहून घेणे म्हणजे अविश्वास, असे आपल्याकडे मानतात. आमचे मत उलट आहे. परक्याशी भांडण झाले तर आपण दुसरे दुकान पाहतो. पण गावच्या मिस्त्रीची गाठ पुढल्या हंगामी पुन्हा पडणार असते, त्याची मुले आपल्या मुलांबरोबर एकाच बाकावर बसणार असतात. ज्यांच्याशी जन्मभर राहावयाचे त्यांच्याशीच व्यवहार सर्वांत स्वच्छ असावा.